गोदावरीच्या पाण्याचा जमाखर्च

निधीच्या पैशाचा जमाखर्च या पुस्तिकेत यथास्थित छापला आहे, व आश्रयदात्यांनी तो कलमवार तपासावा अशीच आमची इच्छा आहे. येथे मात्र आम्ही दुसराच एक जमाखर्च वाचकांपुढे ठेवीत आहोत. तो पैशाचा नसून पाण्याचा आहे. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात पाणी किती येते, ते कोणाकोणाच्या नावे लिहून दिले आहे, आणि पाऊस कमी पडला म्हणजे तूट कोणाच्या खाती पडते, हे समजल्यावाचून दुष्काळ निवारणाचे काम पुरते समजणार नाही, अशी आमची खात्री झाली आहे. व्यापारी गृहस्थांस जमाखर्चाची भाषा नवी नाही; जमीनदारांस पाण्याची नाही. दोघांनीही हा हिशेब शांतपणे वाचावा.

सामान्य समजूत अशी की, दुष्काळ हा आकाशातून येतो. पाऊस पडला नाही, पीक बुडाले, लोक देशोधडीस लागले. यात माणसाचा दोष काय? कोरडवाहू मुलखापुरते हे बरेचसे खरे आहे. परंतु ज्या गावाच्या शिवारातून कालवा गेला आहे, ज्या शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद लाभक्षेत्रात झाली आहे, ज्याने त्या भरवशावर विहीर खोदली, मोसंबीची बाग लावली व सोसायटीचे कर्ज काढले, त्याच्या दारी दुष्काळ आला तर तो केवळ आकाशातून आलेला नसतो. त्यास पाणी देण्याचे वचन दिलेले असते व ते वचन पाळता येण्याजोगे पाणी नदीत नसते. हे कसे घडते तेच येथे सांगावयाचे आहे.

खोऱ्याची ठेवण

गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावर, इगतपुरीकडे व प्रवरेच्या उगमाकडे, पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. परंतु घाटमाथा सोडून पूर्वेकडे पाचपंचवीस मैल आले की आभाळाचा हात एकदम आखडतो. सिन्नर, कोपरगाव, वैजापूर, गंगापूर या भागांत वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास असतो, आणि तोही नेमाने पडेल असे नाही. म्हणजे या खोऱ्यात पाणी एका अरुंद पट्टीत पडते व त्याची गरज मात्र त्या पट्टीच्या पूर्वेस पसरलेल्या अफाट कोरड्या मुलखास असते. दारणा, कडवा, प्रवरा व मुळा या नद्या ते पाणी घेऊन गोदावरीस मिळतात आणि गोदावरी ते घेऊन पैठणाकडे जाते.

पैठणास जायकवाडीचे धरण आहे. त्याची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली बसली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जलाशयास नाथसागर असे नाव आहे. त्यात एकंदर सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी मावते. त्यापैकी कालव्यांस उपयोगी पडणारा साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट होय. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब असून तो छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना व परभणी या जिल्ह्यांकडे जातो. उजवा १३२ किलोमीटरांचा असून त्याचा ओघ बीडकडे आहे. शिवाय छत्रपती संभाजीनगर व जालना या शहरांचे पिणे व तेथील कारखाने याच पाण्यावर चालतात.

हे धरण अवर्षणप्रवण मराठवाड्यात असले तरी त्याचे पाणी मराठवाड्यात पडत नाही. ते पडते नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांच्या पश्चिम टोकास. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी म्हण आहे. येथे आड एका जिल्ह्यात व पोहरा दुसऱ्या जिल्ह्यात, अशी स्थिती आहे, आणि आडापासून पोहऱ्यापर्यंतच्या वाटेवर तहानलेले पुष्कळ आहेत.

कालवे कशासाठी काढले

वरच्या खोऱ्यातील जुने कालवे दुष्काळातूनच जन्मास आले, ही गोष्ट आज बहुतेक विसरली गेली आहे. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांनी दख्खनचा मुलूख उजाड केला. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग बसला, आणि दुष्काळापासून संरक्षण देणारी कामे दख्खनमध्ये हाती घ्यावी असे ठरले. त्या धोरणातून दारणेचे धरण १९१६ साली पुरे झाले व नांदूर-मधमेश्वर येथील बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन कालवे कोपरगावाकडे निघाले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्यात सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी राहते.

या कामांचा हेतू साधा होता. पाऊस दगा देईल त्या वर्षी ज्वारी-बाजरीस दोन-तीन पाळ्या मिळाव्या व जास्तीत जास्त गावांतील माणसे व जनावरे जगावी, एवढाच तो होता. पाणी पातळ पसरावयाचे होते. परंतु व्यवहारात अडचण निघाली. पाऊस बरा झाला त्या वर्षी शेतकरी ज्वारीस कालव्याचे पाणी घेईना, आणि पाऊस चुकला त्या वर्षी सर्वच एकदम मागू लागले. पाणीपट्टी वसूल होईना व बांधकामाचे व्याजही निघेना. तेव्हा बारमाही पाणी घेणारे व खात्रीने पट्टी भरणारे पीक म्हणून उसास उत्तेजन मिळाले. नीरेच्या कालव्यावर विश्वेश्वरय्या यांच्या योजनेने ब्लॉकची पद्धत सुरू झाली. ठरावीक गटांत काही भाग उसाचा व बाकीचा हंगामी पिकांचा असावा, आणि पाण्याचा करार कित्येक वर्षांचा असावा, असे तिचे स्वरूप होते. कल्पना अशी की, ऊस थोडा राहील व लाभ पुष्कळ गावांत वाटला जाईल. ही पद्धत पुढे इतर कालव्यांवरही गेली.

प्रत्यक्षात उसाचा भाग वाढत गेला. प्रवरेच्या काठी लोणी येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे यश पाहून इतर उभे राहिले, आणि त्या भागाचा कायापालट झाला. शाळा निघाल्या, रस्ते झाले, कर्जबाजारी कुणबी सुखवस्तू झाला. या उत्कर्षाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. आमच्या निधीस उदार हाताने साहाय्य करणाऱ्यांत याच भागातील गृहस्थ पुष्कळ आहेत. तथापि दुष्काळासाठी काढलेले पाणी अशा रीतीने थोड्या जमिनीवर बारा महिने उभ्या राहणाऱ्या पिकास बांधले गेले, व दुष्काळाच्या वर्षी सोडावयास ते मोकळे राहिले नाही, ही वस्तुस्थितीही सांगितलीच पाहिजे.

याचे परिमाण समजण्यासाठी एकच दाखला पुरे. केंद्राच्या कृषिखर्च व मूल्य आयोगाने नमूद केले आहे की, महाराष्ट्रात एकंदर पिकाखालील जमिनीच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर ऊस असून सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी तो घेतो. पाटाने भिजविलेल्या एका एकर उसास वर्षभरात लागणाऱ्या पाण्यात निदान पाच-सहा एकर रब्बी ज्वारीच्या पाळ्या सहज निघतात.

हुंड्या किती व गंगाजळी किती

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, एका पेढीच्या गल्ल्यात एक लक्ष रुपये आहेत आणि पेढीने दीड लक्षाच्या हुंड्या लिहून दिल्या आहेत. सर्व हुंड्या एकाच दिवशी वटण्यास आल्या नाहीत तोवर पेढी चालते, तिची पतही राहते. परंतु ज्या दिवशी सर्व देणेकरी एकदम दारी उभे राहतात त्या दिवशी काय होते हे व्यापाऱ्यांस सांगावयास नको. जे पहाटे येऊन रांगेत पुढे उभे राहिले त्यांस रोकड मिळते. शेवटच्याच्या हाती कोरा कागद राहतो.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात हेच झाले आहे. जायकवाडीची योजना आखताना असा हिशेब धरला गेला की, पैठणपर्यंतच्या खोऱ्यात पंचाहत्तर टक्के भरवशाचे पाणी सुमारे १९६ अब्ज घनफूट आहे. त्यापैकी सुमारे ११५ अब्ज घनफूट वरच्या भागाने वापरावे व उरलेले सुमारे ८१ अब्ज घनफूट पैठणास यावे. कागदावर जमा व खर्च बरोबर जुळला. परंतु या हिशेबात तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली, ‘पंचाहत्तर टक्के भरवसा’ या शब्दांचा अर्थ. शंभर वर्षांपैकी पंचाहत्तर वर्षी तेवढे किंवा त्याहून अधिक पाणी येईल, असा तो आहे. म्हणजे उरलेली पंचवीस वर्षे तुटीची, हे योजनेतच गृहीत आहे. चार वर्षांत एक वर्ष तूट येणारच; ती आली म्हणजे अकल्पित काही घडले असे नव्हे. असे असता तुटीच्या वर्षी कोणी किती सोसावे याचा करार मात्र त्या वेळी झाला नाही.

दुसरी गोष्ट, जमेच्या बाजूची. पुढे खोऱ्याच्या उत्पन्नाचे फेरहिशेब झाले तेव्हा पाणी आरंभी धरल्यापेक्षा बरेच कमी भरले. परंतु गल्ल्यात कमी निघाले म्हणून पूर्वी लिहून दिलेल्या हुंड्या कोणी परत घेतल्या नाहीत.

तिसरी, खर्चाच्या बाजूची. गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही मोठी धरणे सर्वांस दिसतात. त्यांमागून मध्यम व लहान धरणे झाली. नदीनाल्यांवर कोल्हापुरी बंधारे झाले. जलाशयांच्या काठी उपशाची यंत्रे बसली. कालव्याच्या पाझरावर हजारो विहिरी निघाल्या. यांतील प्रत्येक काम एकेकटे पाहिले तर न्याय्य व उपयुक्त आहे. परंतु विहिरीत उतरलेले पाणी व उपशाने उचललेले पाणी नदीच्या खतावणीत बहुधा चढतच नाही. नाशिकसारखी शहरे वाढली, त्यांचे पिणे व कारखाने वाढले, आणि तोही खर्च त्याच नावे पडला. जो तो आपल्या वाट्याचेच घेतो असे म्हणतो, व पुष्कळदा खरेच म्हणतो. वाट्यांची बेरीजच मुळात नदीपेक्षा मोठी झाली आहे.

हा दोन राज्यांचा तंटा नाही, हेही येथे नमूद करतो. ६ ऑक्टोबर १९७५ च्या कराराने पैठणच्या धरणापर्यंतचे गोदावरीचे सर्व पाणी वापरण्याचा महाराष्ट्राचा अधिकार आंध्र प्रदेशाने मान्य केला, व पुढे लवादाने तो कायम केला. तेव्हा या पाण्याची वाटणी हा सर्वस्वी घरचा प्रश्न आहे. घरातील वाटणी घरच्यांनीच नीट करावयाची असते.

तुटीच्या वर्षी काय होते

पाऊस भरपूर झाला की वरची धरणे भरून वाहतात, नाथसागर भरतो, व सारे वाद आपोआप मिटतात. पाऊस बेताचा झाला की वरची धरणे भरतात व खालचे रिते राहते. कारण पाणी आधी त्यांच्या दारावरून जाते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हाच येथे कायदा होतो. २०१२ साली असेच झाले व नाथसागराचा उपयोगी साठा जवळजवळ संपला. २०१५ सालीही तीच गत झाली. त्या वर्षी ऑक्टोबरात वरच्या धरणांतून १२.८४ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा हुकूम निघाला. २०२३ सालीही तसाच प्रसंग आला. ३० ऑक्टोबरास ८.६ अब्ज घनफूट सोडण्याचा हुकूम झाला, आणि मोर्चे व न्यायालयातील अर्ज यांतून वाट काढीत ते पाणी सुटावयास नोव्हेंबरची अखेर आली.

रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. नोव्हेंबर सरता सरता आलेल्या पाण्याने पिण्याची सोय होते. गेलेली पेरणी परत येत नाही. शिवाय पाणी सोडावयाचे ते कोरड्या पडलेल्या नदीपात्रातून. वाळू आधी आपली तहान भागविते. वाटेतील बंधाऱ्यांचे बर्गे काढले नसले तर पाणी तेथेच अडते, आणि काठच्या मोटारींची वीज तोडली नाही तर ते तेथूनच उचलले जाते. म्हणून सोडलेल्या पाण्यातील मोठा हिस्सा पैठणास पोचतच नाही. वरच्यास वाटते, आमचे पाणी लुटून नेऊन वाया घालविले. खालच्यास वाटते, आमच्या हक्काची भीक घातली. दोघांचाही संताप समजण्याजोगा आहे, आणि दोघांचाही फायदा झालेला नसतो.

मग ही तूट अखेरीस कोणाच्या खाती पडते? ज्याची जमीन कालव्याच्या शेपटीस आहे, ज्याची विहीर उथळ आहे, ज्यास दुसरी विहीर खोदण्यास पैसा नाही, किंवा ज्यास मुळी जमीनच नाही, त्याच्या. त्याची जनावरे आठवड्याच्या बाजारात मिळेल त्या किमतीस जातात. त्याच्या घरातील बाया व मुली टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या गावांत पावसाळा संपला की, नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणली जाऊन मुकादमाची उचल घेतात व ऊस तोडावयास निघतात. ज्यांच्या गावी पाणी पोचले नाही, त्यांनीच परमुलखी जाऊन पाण्यावर पोसलेला ऊस तोडावा, यापरते या जमाखर्चाचे कडू कलम आम्हांस दुसरे दिसत नाही.

अशा वेळी आमच्यासारख्या समित्या धान्य, चारा व पाणी घेऊन तेथे जातात. म्हणजे न वटलेल्या हुंडीची रक्कम धर्मादायातून भरली जाते. हे करणे आमचे कर्तव्य आहे, व ते आम्ही करीत राहू. परंतु पेढीची लिहिण्याची पद्धत तीच राहिली तर धर्मादायाने तूट कधी भरून निघणार नाही, हे दात्यांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे.

कायद्याने काय सांगितले

या बाबतीत कायदा मुका आहे असे नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ साली झाला. त्यात असे तत्त्व घातले आहे की, टंचाईचा भार खोऱ्यातील सर्वांनी सारखा सोसावा, व त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत, खरिपाचा वापर धरून, उपयोगी पाण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे राहील अशी व्यवस्था करावी. ते प्रत्यक्ष कसे साधावे हे मेंढेगिरी समितीने २०१३ साली सांगितले. १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीची स्थिती पाहावी, आणि ती उपयोगी साठ्याच्या ६५ टक्क्यांहून खाली असेल तर वरच्या धरणांनी आपल्या स्थितीप्रमाणे पाणी सोडावे, असे त्या सूत्राचे सार आहे. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्या आधारे निर्णय दिला, व मुंबई उच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१६ रोजी तो उचलून धरला.

आकडा ६५ असावा की त्याहून कमी-अधिक, यावर वाद आहे व तो तज्ज्ञांनी सोडवावा. परंतु तत्त्वाबद्दल शंका घेण्यास जागा राहिली नाही. ते तत्त्व असे की, नदीच्या वरच्या अंगास राहणे हा मोठेपणाचा अधिकार नव्हे. तूट आली तर ती सर्वांची.

तूट वाटून घेण्याची जुनी रीत

हे तत्त्व कोणी परदेशातून आणले आहे, असेही नव्हे. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालील गावजमीन बहुधा चार फडांत विभागलेली असते, आणि प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे सर्व मिळून ठरवितात. पाणी कमी असेल त्या वर्षी माणसे वगळीत नाहीत, फड वगळतात. एकच फड भिजला तरी त्यात सर्वांचा वाटा असतोच. पाटकरी पाणी देतो, व कोणी स्वतः होऊन दार फोडीत नाही. या पद्धतीत तूट ही आधीच करारात लिहिलेली असते. म्हणून ती आली तरी गावात वैर माजत नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिने पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने दिले. माणशी अर्धा एकर व कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतकाच वाटा, भूमिहीनासही हक्क, आणि ऊस घ्यावयाचा नाही, असा नियम. गोदावरीच्याच वरच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर, बापू उपाध्ये व त्यांचे सहकारी यांच्या खटपटीने १९९१ पासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्या पाणी घनमापाने मोजून घेतात व आपसांत वाटतात. ज्यास मापून पाणी मिळते तो ते जपून वापरतो, व वाचलेल्या पाण्यावर द्राक्षे-भाजीपाला पिकवून अधिक मिळवितो, हे तेथे जाऊन कोणासही पाहता येईल.

दोन आक्षेप

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, व ते उचित आहेत. पहिला वरच्या भागातील जमीनदारांचा. ते म्हणतील, ‘आमच्याकडेही कोरडी गावे आहेत, आमचे वाडवडील याच कालव्यांवर जगले, निळवंड्याची योजना १९७० ची, आणि तिच्या डाव्या कालव्याचे पाणी आमच्या अवर्षणग्रस्त गावांस मिळावयास २०२३ साल उजाडले, आधी आमचे पुरे करा.’ हे खरे आहे. सिन्नर-संगमनेरच्या कोरड्या माळावर ज्याने पन्नास वर्षे वाट पाहिली त्याचे दुःख पैठणखालच्या शेतकऱ्याच्या दुःखाहून निराळे नाही. परंतु यावरून निघते ते इतकेच की, भांडण वरचा व खालचा यांचे नसून, पाणी आधी पोचलेला व अद्याप न पोचलेला यांचे आहे. निळवंड्याच्या गावास जो न्याय हवा, तोच परभणीच्या गावास हवा.

दुसरा आक्षेपही याच जातीचा आहे. ‘खाली पाणी दिले तरी तेथे तरी काय होते? तेथेही ऊस आहे, कारखाने आहेत. कालव्याच्या तोंडाशी जे आहेत ते भिजवून घेतात व शेपटीचे गाव कोरडेच राहते.’ हेही खरे आहे. याच गोदावरीच्या खोऱ्यात मांजरा नदीच्या काठी ऊस व कारखाने वाढत गेले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. म्हणून आम्ही कोणत्याही एका जिल्ह्याचा पक्ष घेत नाही. नदीच्या वरच्या भागास जो नियम, तोच कालव्याच्या तोंडच्या भागास लावला पाहिजे. प्रत्येक पायरीवर तूट खाली ढकलण्याची रीत बंद झाली नाही तर, पाणी कोठेही नेले तरी गरिबाच्या घागरीत ते पडणार नाही.

आमची विनंती

आता आम्ही दात्यांपुढे पदर पसरतो तो दोन प्रकारच्या दानासाठी.

पहिले दान नेहमीचे. दुष्काळी गावांत चारा-छावण्या चालविणे, पिण्याच्या विहिरींतील गाळ काढणे, ऊसतोडीस गेलेल्यांची मागे राहिलेली म्हातारी माणसे व मुले यांस धान्य पोचविणे, शेतकऱ्यास पुढच्या पेरणीचे बी देणे, या कामांस द्रव्य लागते. ज्यास जे शक्य असेल ते त्याने द्यावे. धान्य, कडबा, पेंड, गाडीभाडे, सर्व काही स्वीकारले जाईल व त्याची पोच दिली जाईल. व्यापारी बंधूंस आणखी एक सांगतो. शेपटीची गावे उजाड झाली म्हणजे त्यांची उधारीही त्याच वर्षी बुडते व पेठा ओस पडतात. तेव्हा हे दान सर्वस्वी परोपकाराचेच आहे असे मानण्याचे कारण नाही.

दुसरे दान पैशाचे नाही, आणि म्हणूनच ते देण्यास अधिक मोठे मन लागते. कालव्यावरील मोठ्या खातेदारांनी आपल्या बारमाही पिकाचा काही भाग दरवर्षी हंगामी पिकाखाली आणावा, व जो ऊस ठेवावयाचा तो ठिबकावर आणावा. त्याने उसाचे पाणी तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वाचू शकते. ठिबकाचा खर्च ज्यांस झेपत नाही अशा लहान शेजाऱ्यास सावकारांनी व सोसायट्यांनी हात द्यावा. साखर कारखान्यांच्या सभासदांनी नवा ऊस नोंदविण्यापूर्वी धरणातील पाणी पाहावे. नदीकाठच्या गृहस्थांनी पाणी सोडण्याचा हुकूम झाला म्हणजे बर्गे काढावे, मोटारी थांबवाव्या, आणि ते पाणी आपल्या दारावरून पुढे जाऊ द्यावे. आणि सर्वांनी मिळून सरकारकडे एवढे मागावे की, दरवर्षी १५ ऑक्टोबरास खोऱ्यातील प्रत्येक धरणाचा जमाखर्च, विहिरी व उपसा धरून, गावोगावच्या चावडीवर लागावा. म्हणजे हुकूम नोव्हेंबरअखेर नव्हे, पेरणी साधेल अशा वेळी निघेल.

पैठण ही एकनाथ महाराजांची नगरी. काशीहून रामेश्वरास नेण्यासाठी आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही आख्यायिका लहान मुलासही ठाऊक आहे. त्या कावडीवर त्यांचा हक्क नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी ती स्वतः खांद्यावर वाहिली होती, व पुण्यही पदरी पडावयाचे होते. तरीही समोरच्या तहानेपुढे त्यांनी तो हक्क धरून ठेवला नाही. ज्यांच्या शेतावरून गोदावरी आधी वाहते त्यांच्या खांद्यावर आज तशीच एक कावड आहे. तिच्यातील सारे पाणी द्या असे आम्ही म्हणत नाही. तुटीच्या वर्षी तूट वाटून घ्या, इतकीच हात जोडून विनंती आहे. वर्गणी आम्ही कृतज्ञतेने स्वीकारू. परंतु ज्या वर्षी या खोऱ्यात आमच्या वर्गणीची गरज भासणार नाही, ते वर्ष आपल्या हातून लवकर उगवो, अशी आमची प्रार्थना आहे.

आपले नम्र सेवक,
समितीचे कार्यकारी मंडळ